घरचे अन्न आणि नवे ज्ञान

 

आज आपण जेवणावर बोलू. जेवावे कसे, हे शिकवायला आम्ही आलो नाही. ते तर तुम्ही जन्मापासून जाणता. पण आपल्या भागात हल्ली घरोघरी चुलीजवळ एक भांडण ऐकू येते. त्या भांडणाबद्दल बोलायचे आहे.

घरातली म्हातारी म्हणते, "आम्ही कोसरी खाल्ली, आंबील पेलो, रानातली भाजी खाल्ली. म्हणून आमची हाडे टिकली." शिकलेला नातू म्हणतो, "आजी, ते गरिबीचे खाणे. आता डॉक्टर सांगतात ते खावे." सून बिचारी मधल्या मध्ये. पाहुणा आला की ती आंबिलीचे मडके झाकून ठेवते आणि दुकानातून बिस्किटांचा पुडा आणते. म्हणते, "पावण्यापुढे आंबील ठेवू का जी? हसतील ना लोक!"

आता खरे कोण? म्हातारी खरी की नातू खरा?

आमचे म्हणणे असे की, सूप घ्यावे आणि पाखडावे. जुने सगळेच दाणे नसतात. नवे सगळेच फोल नसते. दाणा ठेवावा, फोल उडवावे. चला, एकेक जिन्नस सुपात घेऊ.

कोंबड्यांची गोष्ट

आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग धानाचा. भाताशिवाय आपले पोट भरत नाही. म्हणून आधी तांदळाची गोष्ट सांगतो.

सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. जावा नावाचे बेट आहे. तिथे लोक आपल्यासारखाच भात खातात. तिथे एक भयंकर रोग पसरला होता. माणसाच्या पायातली शक्ती जाई. हृदय थकून जाई. माणसे मरत. रोगाचे नाव बेरीबेरी. आइकमान नावाचे एक डच डॉक्टर त्याचा शोध घेत होते. त्यांनी दवाखान्यात कोंबड्या पाळल्या होत्या. एक दिवस त्या कोंबड्याच लंगडू लागल्या. आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या!

डॉक्टर चकित झाले. त्यांनी चौकशी केली. तेव्हा कळले की, मधल्या काळात कोंबड्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला पांढरा, सडलेला भात मिळत होता. मग नवा स्वयंपाकी आला. तो म्हणाला, "सरकारी भात कोंबड्यांना मिळणार नाही." त्यांना पुन्हा कोंडा असलेला साधा तांदूळ मिळू लागला, आणि त्या बऱ्या झाल्या.

म्हणजे आपण जो कोंडा गुरांना घालतो, त्यात पायांची शक्ती होती. पुढे शास्त्रज्ञांनी त्या वस्तूला नाव दिले, ब जीवनसत्त्व. आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या आजीने नोबेलचे नाव ऐकले नव्हते. पण ती उखळात धान कांडत होती. मुसळाने वरचे टरफल निघते, पण आतला लालसर कोंडा पुष्कळसा राहतो. गिरणीत तांदूळ खूप पॉलिश केला की तो निघून जातो. दिसायला मोत्यासारखा, पण गुणाने उणा. महात्मा गांधींनीही हेच सांगितले होते. 1934 साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या कामात हातसडीचा तांदूळ आणि घाणीचे तेल यांना मोठा मान होता.

आता आम्ही बायांना असे सांगणार नाही की, पुन्हा पहाटे उठून कांडायला बसा. ते कष्ट फार होते. मुसळाने आजीचे खांदे गेले, हेही खरे आहे. गिरणी आली हे चांगलेच झाले. फक्त गिरणीवाल्याला सांगावे, "दादा, फार पांढरा करू नको. एकच हात दे." दुसरे, तांदूळ चार-चार वेळा चोळून धुऊ नये. आणि भाताची पेज फेकू नये. ब जीवनसत्त्व पाण्यात उतरते. पेज फेकली की ते मोरीत गेले.

लाजेचे धान्य

आता कोसरी घ्या, नाचणी घ्या. डोंगरउतारावर, हलक्या जमिनीत ही धान्ये येतात. पाऊस कमी झाला तरी तग धरतात. कणगीत वर्षानुवर्षे टिकतात. भामरागड, एटापल्लीकडची माडिया माणसे आजही त्यांची पेज करून पितात. पण बाकी ठिकाणी हे धान्य मागे पडले. रेशनचा तांदूळ आला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला 5 किलो धान्याचा हक्क मिळाला. हे फार चांगले झाले. भुकेची भीती कमी झाली. पण त्याबरोबर ताटातली विविधता गेली. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात.

पोट भरले म्हणजे अंग भरले, असे नाही. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कॅल्शियम म्हणजे हाडांचा चुना. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास असते. कुठे साडेतीनशे, कुठे दहा! कोसरीत चोथा जास्त असतो. त्यामुळे ती हळूहळू पचते आणि भूक लवकर लागत नाही. मधुमेह झालेल्या माणसाला डॉक्टर आता असेच धान्य खायला सांगतात.

गंमत पाहा. ज्या धान्याची आपल्याला लाज वाटली, त्याच्या नावाने संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे सारे वर्ष साजरे केले. शहरात ते पुड्यात बांधून महाग विकले जाते. आपण आपली कणगी मोडली आणि शहराने ती विकत घेतली. म्हणून आम्ही म्हणतो, रेशनचा तांदूळ सोडू नका. पण घरच्या एखाद्या तुकड्यात कोसरी पेरत राहा. आठवड्यातून दोन-चार दिवस ती चुलीवर येऊ द्या. आणि पाहुण्यापुढे आंबील ताठ मानेने ठेवा.

रानाची परडी

पहिला पाऊस पडला की आपल्या बाया परडी घेऊन निघतात. तरोट्याची कोवळी पाने येतात. मग काटवल येते. बांबूचे कोंब येतात, त्यांना आपण वास्ते म्हणतो. वारुळाजवळ सात्या, टेकोडे निघतात. आंबाडी, शेवगा, घोळ ही तर परसातलीच. उन्हाळ्यात टेंभरे, चारे. हिवाळ्यात आवळे, बोरे. बोडीत आणि मामा तलावात मासोळ्या, झिंगे.

नवे ज्ञान या परडीबद्दल काय म्हणते? ते म्हणते, शाबास! हिरव्या पाल्यात लोह असते, त्याने रक्त वाढते. शेवग्याच्या पानात डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व असते. लहान सुकी मासोळी काट्यासकट खाल्ली तर हाडांना चुना मिळतो. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर. आणि एक युक्ती ऐका. पालेभाजीतले लोह अंगाला नीट लागायला आंबट वस्तू मदत करते. म्हणून भाजीबरोबर चिंच, लिंबू, आवळा घ्यावा. आपली म्हातारी भाजीत चिंच घालते, ती चवीसाठी. पण गुण तिथेच आहे. याउलट, जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह कमी लागते. चहा घ्यायचाच तर तासभर थांबून घ्यावा.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. अंग फिके पडते ते दर वेळी भाजी कमी खाल्ल्याने नव्हे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तो आईबापांकडून येतो. तो जेवणाने होत नाही आणि जेवणाने जातही नाही. म्हणून थकवा येत असेल, सांधे दुखत असतील, तर रक्त तपासून घ्यावे.

परडी भरायची तर रान राहिले पाहिजे. याचे एक उदाहरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 साली या गावाला कायद्याने आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. गाव बसले, विचार केला आणि ठरवले की, तेंदूपाने तोडायची नाहीत. का? तर पानांसाठी फांद्या छाटल्या जातात. कोवळा पाला फुटावा म्हणून रानात आग लावली जाते. मग झाडाला फळ धरत नाही. टेंभरे हे लेकरांचे खाणे, ते जाते. पानांचा पैसा मोठा होता. तरी त्यांनी तो सोडला. प्रत्येक गावाने असेच करावे, असे आम्ही म्हणत नाही. तेंदूच्या पैशावर कित्येक घरे वर्ष काढतात. पण जंगलाचा हिशेब करताना लेकरांच्या तोंडचे फळही हिशेबात धरावे, हे पाचगावने दाखवले.

परडीतही पाखडायचे आहेच. ओळख नसलेली सात्या कधीही खाऊ नये. एकाने चुकून आणली तर सारे घर जाते. वास्ते उकळून पहिले पाणी फेकावे. त्यात कडू विष असते. रानातला कडू कंद चिरून, उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, ही रीत आपल्या पूर्वजांनीच शोधली. ती मोडू नये.

फुलाचा दोष नाही

आता मोहाकडे येऊ. मोहाचे नाव काढले की लोक हसतात. त्यांना दारू आठवते. पण दारूच्या आधी मोह हे अन्न आहे. चैत्रात पहाटे बाया फुले वेचतात, वाळवतात. दुष्काळात याच फुलांनी कित्येक घरे जगवली. वाळलेले फूल म्हणजे झाडावरचा गूळच. भाजून तिळाबरोबर कुटले की लाडू होतो. भाकरीच्या पिठातही ते मळता येते. फळातल्या टोळीचे तेल निघते. ते थंडीत थिजते, पण जेवणात चालते.

तेच फूल सडवून गाळले की दारू होते. मग अन्न जाते, पैसा जातो आणि घरातली शांतता जाते. गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी, विशेषतः बायांनी, मोठी चळवळ केली. 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती चळवळ दारूविरुद्ध होती, मोहाविरुद्ध नव्हती. फूल देवाचे, भट्टी माणसाची. फुलाचा लाडू करायचा की दारू, हे आपल्या हाती आहे.

लाखोळीचा धडा

आता सर्वांत अवघड जिन्नस सुपात घेतो. लाखोळीची डाळ.

धान कापणीला यायच्या आधी बांधीतल्या ओलीवर आपण लाखोळी फेकतो. नांगर नको, खत नको, पाणी नको. कोवळी असताना तिची भाजी, पिकल्यावर डाळ, सणाला वडे. लाखोळीच्या वड्याशिवाय झाडीपट्टीतले लग्न नाही! शिवाय तिच्यात प्रथिने भरपूर. मग तिच्याविरुद्ध तक्रार काय?

तक्रार खरी आहे. लाखोळीच्या दाण्यात एक विषारी वस्तू असते. थोडी डाळ, भात-भाजीबरोबर, अधूनमधून खाल्ली तर शरीर ती सोसते. पण तीन-चार महिने रोज, मुख्य अन्न म्हणून फक्त लाखोळीच खाल्ली, तर पायांच्या नसा जातात. पाय ताठ होतात. माणूस चवड्यांवर, काठी टेकत चालतो. पुढे बसून सरपटतो. आणि गेलेले पाय औषधाने परत येत नाहीत.

हे कोणाला झाले? मध्य प्रदेशात रीवाकडे जमीनदार मजुरांना मजुरीत लाखच देत. मजुराच्या घरात दुसरे धान्यच नसे. त्यांचे पाय गेले. जमीनदाराच्या घरीही लाखोळी शिजत असेल, पण तिथे सोबत गहू होता, दूध होते. दुष्काळातही असेच होई. धान मरे, लाखोळी तेवढी जगे. लोक तीच खात. म्हणजे पहा, विष दाण्यात होते, पण रोग गरिबीने दिला.

1961 साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. तरी शेतात ती पिकतच राहिली. नंतर कृषी शास्त्रज्ञांनी कमी विषाचे वाण तयार केले. रतन, प्रतीक, महातिवडा ही त्यांची नावे. हा नव्या ज्ञानाचा चांगला नमुना आहे. विज्ञानाने दोष दाखवला, आणि नुसते नको म्हणून न थांबता दोष कमीही केला.

तुम्ही विचाराल, "मग आम्ही करावे काय?" सांगतो. पेरायचे तर कृषी सहायकाला विचारून कमी विषाचे बियाणे घ्यावे. शिजवण्याआधी दाणे गरम पाण्यात चांगले भिजवावे आणि ते पाणी फेकून द्यावे. विष पाण्यात उतरते, पुष्कळसे निघून जाते. कडू कंदाची रीत आठवा, तीच ही युक्ती. लाखोळी रोज एकटी खाऊ नये. तूर, मूग, हरभरा, कुळीथ यांच्याशी आलटूनपालटून खावी. आणि कोणी मजुरीत धान्य म्हणून नुसती लाखोळी देऊ लागला, तर घेऊ नये. मजुरी पैशात मागावी.

आई आणि बाळ

इथे आम्ही जुन्या रीतीची बाजू घेणार नाही. आधीच सांगून टाकतो.

काही घरांत म्हणतात, "पोटुशी बाई कमी जेवली तर बाळ लहान होईल, सुटका सोपी होईल." हे घातक आहे. लहान बाळ दुबळे असते. थंडीने, तापाने ते आधी जाते. पोटुशी बाईने रोजच्यापेक्षा जास्त जेवावे. 2015 साली सरकारने आदिवासी भागात अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीत दिवसाचे एक पूर्ण, गरम जेवण मिळावे, अशी ती योजना. ते जेवण तिचा हक्क आहे. मात्र अंगणवाडीत जेवली म्हणून घरचे ताट कमी करू नये. सासूबाईंनी इकडे लक्ष द्यावे.

दुसरे, पहिले पिवळे दूध पिळून टाकतात. टाकू नये. त्यात रोगाशी लढायची शक्ती असते. बाळ जन्मल्यावर तासाभरात ते पाजावे. सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीही नको, मधही नको.

तिसरे, सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न लागते. आपण काय देतो? पातळ पेज. पेज वाईट नाही, पण बाळाचे पोट मुठीएवढे. ते पाण्याने भरते आणि अंगाला काही लागत नाही. म्हणून घट्ट द्यावे. चमच्यावरून लगेच ओघळू नये इतके घट्ट. नाचणीची लापशी, मऊ भात आणि डाळ, त्यात चमचाभर तेल. कुस्करलेले अंडे द्यावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. पाहा, जिन्नस आजीचेच आहेत. वेळ आणि घट्टपणा तेवढा नव्या ज्ञानाने सांगितला.

दुकानातला पुडा

आता नव्याचे फोल पाखडू. दुकानात पाच रुपयांचा रंगीत पुडा टांगलेला असतो. पोर रडते, आपण घेऊन देतो. आत मैदा, साखर, मीठ आणि तळणीचे तेल. पोराची भूक मरते, मग ते घरचे जेवत नाही. तेवढ्याच पैशांत मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे येतात. त्याने अंग भरते.

पूर्वी साखरेचा आजार आणि रक्तदाब हे शहरातल्या शेटजींचे रोग समजत. आता ते आपल्या टोल्यावरही आले आहेत. गोड चहा दिवसातून पाच वेळा, तेलकट, खारट, आणि बसून काम. मिठाचे प्रमाण सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे एक लहान चमचा, सगळे धरून. लोणचे, पापड, सुकट यातले मीठही त्यातच. मात्र मीठ आयोडीनचे घ्यावे. हे नवे आहे आणि ते चांगले आहे.

आणि खर्रा? तो आम्ही सुपात घेतच नाही. ते अन्न नव्हे. तो दाणाही नाही आणि फोलही नाही. तो विस्तव आहे. तोंड जाळतो, कर्करोग देतो. लेकराच्या हाती तर तो कधीही जाऊ देऊ नये.

पाखडून काय उरले

मंडळी, सूप आता खाली ठेवू. काय उरले ते मोजू.

कमी पॉलिशचा तांदूळ ठेवा. पेज ठेवा. कोसरी, नाचणी, आंबील ठेवा. रानभाजी, मासोळी, आवळा, चिंच, जवसाची चटणी ठेवा. मोहाचा लाडू ठेवा. लाखोळी जपून, भिजवून, मिसळून ठेवा. दवाखान्यातून रक्ततपासणी घ्या, अंगणवाडीतून जेवण घ्या, आयोडीनचे मीठ घ्या. पोटुशीला उपाशी ठेवणे सोडा, पिवळे दूध टाकणे सोडा. मोहाची दारू, रंगीत पुडा आणि खर्रा सोडा.

एवढे करायला फारसे पैसे लागत नाहीत. घरात चार माणसांनी एकत्र बसून बोलायला मात्र लागते. म्हातारीला विचारा, "आजी, ही भाजी कुठे मिळते, कशी शिजवते?" तिच्याबरोबर रानात जा. भाज्या ओळखा. आता तुम्हाला लिहिता येते. मग भाजीचे नाव, ती येते तो महिना, शिजवायची रीत, हे सारे वहीत लिहून ठेवा. म्हातारी गेली की ते ज्ञान जाते. वहीत असले तर नातवाला मिळेल.

आणि नातवाने आजीला वाचून दाखवावे, दवाखान्याच्या भिंतीवरच्या फलकात काय लिहिले आहे ते. दोघेही एकमेकांचे गुरू व्हावेत. मग चुलीजवळचे भांडण मिटेल, आणि ताटही भरेल.

पुढच्या वेळी आपण पिण्याच्या पाण्यावर बोलू. रामराम. जोहार.